दोन चेंडू

फुटबॉल संघात तिला सगळ्या ‘भिंत’ म्हणत. बारा वर्षं ती बचावफळीत मधोमध उभी होती. उंचावरून आलेला चेंडू डोक्याने परतवणं हा तिचा हातखंडा. वय बत्तीस. करार दरवर्षी नवा व्हायचा आणि यंदा क्लबने अजून चकार शब्द काढला नव्हता.

उपांत्य सामन्याच्या तीन दिवस आधी सरावात तिचं डोकं दुसऱ्या मुलीच्या डोक्यावर आपटलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. “काही नाही झालं,” म्हणत ती उठली. पण तेव्हापासून बूट बांधायला वाकलं की गरगरायचं आणि दिव्याकडे बघवायचं नाही.

सामन्याला अर्धा तास होता. पुरुषांच्या संघाचं जुनं सामान ठेवायची खोली, तीच यांची कपडे बदलायची. तिथे गोलकीपरने तिच्याकडे हलकेच चेंडू टाकला. आठ वर्षं दौऱ्यांवर दोघी एका खोलीत राहिलेल्या. भिंतीने हात पुढे केले; चेंडू खांद्यावर आदळला.

“किती दिसले?”

“गप्प बस.”

“किती?”

“दोन. कुणाला सांगितलंस तर बघ. आज बसले तर कायमची घरी बसले.”

“अगं, तुला लेक आहे.”

“म्हणूनच खेळायचंय.”

गोलकीपर हातमोजे काढून बाहेर गेली आणि संघाच्या डॉक्टरीणबाईंना घेऊनच आली. बाईंनी भिंतीला डोळे मिटून एका पायावर उभं केलं. दोन सेकंदांत ती बाकावर कोसळली.

“गोळी देऊन निदान पहिला हाफ?” दारातून प्रशिक्षकांनी विचारलं.

“तिला उतरवायचं तर आधी दुसरी डॉक्टर शोधा,” बाई म्हणाल्या.

“घरभेदी!” भिंत गोलकीपरवर ओरडली. गोलकीपर पुन्हा हातमोजे चढवू लागली.

कॉर्नरवरून उंच आलेल्या चेंडूवरच्या एका गोलने संघ हरला. करार आलाच नाही. चार महिने भिंत पडदे ओढून पडून असायची. लेक शेजारी बसून शाळेचे धडे कुजबुजत वाचायची. गोलकीपरचे फोन तिने एकदाही उचलले नाहीत.

पाचव्या महिन्यात एका सकाळी तिला पानभर मजकूर सलग वाचता आला. तिने फोन लावला.

“शिव्या द्यायला केलायस?” गोलकीपरने विचारलं.

“हो.”

“दे मग.”

तिने मनसोक्त दिल्या. मग रडली. मग विचारलं, “डॉक्टरीणबाईंची नोकरी राहिली का गं?”

“नाही,” गोलकीपर म्हणाली.