टाकीसमोरचा चतुर

एका खोलीत तीन संशयी माणसं वर्षभर एकच व्हिडिओ गेम बनवत बसली, की किस्से आपोआप साठतात. आमची खोली सोलापुरात, झेरॉक्सच्या दुकानावर. कोड मी लिहितो. पद्मजाताई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. गेममधली कुठली वस्तू कशी हलेल, ते त्या सांगतात. आयुब चिंचोळी एमआयडीसीत कामाला. सुट्टीला येतो, गेम खेळतो आणि चुका काढतो.

*

एकदा ताईंनी चतुर, म्हणजे तळ्याकाठी उडणारा तो लांब शेपटीचा कीटक, समजावला. "तो दुसऱ्या चतुरावर जातो ना, तेव्हा अशी वाट वळवतो, की समोरच्याला वाटतं हा एका जागीच आहे. हलताना दिसत नाही. फक्त मोठा होत जातो."

मी तसा शत्रूचा ड्रोन बनवला. आयुब खेळताना कितीही पळाला, तरी ड्रोन आपला लांबच्या पाण्याच्या टाकीसमोरच.

"अडकलाय की ह्यो. हलतच न्हाय," आयुब म्हणाला, आणि मेला.

पाचव्यांदा मेल्यावर त्यानं मला कॉम्प्युटरपासून लांब बसवलं. सहाव्यांदा मेल्यावर वायफाय बंद केलं.

*

मग गेमचा पेनड्राइव्ह हरवला. मी आयुबवर संशय धरला, दोन दिवस धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्यानंच आणून दिला.

"अम्मीला दाखवाया नेलता. मी हितं काय करतो ते तिला पटत न्हवतं."

"मग, पटलं?"

"न्हाय. म्हणती, उभ्या मशीनकडनं मरतोस आन् वर दमलो म्हणतोस?"

*

आणि एक दिवस एक साहेब आले. कडक इस्त्रीचा शर्ट. डाळिंबावर फवारणी करणारे ड्रोन बनवतो म्हणाले. त्यांना गेम नको होता, ड्रोनची ती चाल हवी होती. आमचा पत्ता कुणी दिला, ते काही सांगेनात. मला मात्र पुण्यात नोकरी देऊ म्हणाले. क्षेपणास्त्रांसाठीही लोक ही चाल अभ्यासतात, हे ताईंनी मला आधीच सांगितलं होतं. तरी खरं सांगतो, ती चाल दाखवायला मी लॅपटॉप उघडला होता.

"एवढीच खात्री द्या," साहेब म्हणाले. "समोरच्याला शेवटपर्यंत कळत नाही ना?"

ताईंनी चष्मा काढून पुसला.

"डाळिंबाला कळलं तर काय होईल?"

साहेब हसले. आम्ही तिघं हसलो नाही. मी लॅपटॉप मिटला. साहेब चहा तसाच ठेवून जिना उतरले.