बाहेरून पाठिंबा

आमचे मामा दिल्लीत असते तर या देशात एकही सरकार पडलं नसतं, हे मी छातीठोकपणे सांगतो. केडगावच्या या माणसानं दौंड-शिरूर भागातली निम्मी लग्नं जमवली होती, आणि राजकारणही ते त्याच नजरेनं बघत. त्यांच्या लेखी जगात पक्ष दोनच, वरपक्ष आणि वधूपक्ष. नव्वदच्या दशकातल्या त्या लोकसभा निवडणुकीत, दौंडच्या सभेत उमेदवार घसा फोडून बोलत असताना मामा मध्येच उठले. "ते ऱ्हाऊ द्या, निवडून आल्यावर कुनाच्या पंगतीला बसनार ते आधी सांगा!" निकालात कुणालाच बहुमत मिळालं नाही, तेव्हा तर ते रेडिओला चिकटूनच बसले. अमका पक्ष गृहखात्यासाठी अडून बसलाय म्हटलं की म्हणायचे, "मानपान हाय त्यो. द्या की एखादा शालू जादा!"

त्याच धामधुमीत माझ्या धाकट्या बहिणीचं, सुमनचं, ठरलेलं लग्न मोडायला आलं. नवरदेवाला वडील नव्हते, शिरूरच्या चुलत्यांनीच त्याला वाढवलेलं. हे चुलते एका पक्षाचे, आमचे वडील दुसऱ्याचे. प्रचारात दोघांची अशी जुंपली की चुलत्यांनी भर बाजारात शपथ घेतली, "तुमच्या मांडवात पाय ठेवनार न्हाई!" चुलते नाहीत तर मी बोहल्यावर चढणार नाही, असा नवरदेवाचा निरोप आला. सुमननं अन्न सोडलं.

एका सकाळी बातम्यांत सांगितलं, एक पक्ष सरकारात न जाता बाहेरून पाठिंबा देणार. मामा चहा तसाच टाकून उठले. मिळेल त्या ट्रकनं त्यांनी शिरूर गाठलं आणि चुलत्यांपुढे हात जोडले. "आबा, शपथ मोडू नका. मांडवात येऊच नका. बाहेरून पाठिंबा द्या!"

राहू गावी, आमच्या दारात लग्न लागलं. मांडवाच्या शेवटच्या खांबापलीकडे, भर उन्हात आबांची खुर्ची, आणि शेजारी अक्षतांचं ताट. तिथून त्यांनी अशा जोरात अक्षता फेकल्या की भटजींनी डोळे मिटूनच मंगलाष्टकं संपवली. मग सुमन पाया पडायला अनवाणीच बाहेर गेली. तापल्या मातीत तिची चुळबुळ बघून आबा गडबडून उठले. "पोरी, पाय भाजत्यात तुजं, चल आत," म्हणत तिचा हात धरून ते सरळ मांडवात शिरले. शपथेची आठवण कुणीही करून दिली नाही. हे आमचे मामा बरं का, असं मी दिवसभर ओळखी-अनोळखी पाहुण्यांना सांगत फिरत होतो.

दिल्लीतलं सरकार मात्र काही महिन्यांतच पडलं. मामांना ते घरचं लग्न मोडल्यासारखं लागलं. त्यांनी रेडिओ बंद केला.

"पडनारच," म्हणाले. "पाठिंबा समद्यांनी दिला, पन लेक कुनीच दिली न्हवती."

मामा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. असा माणूस पुन्हा कुठून आणायचा?