मोकळा बोंडा

राघोत्तमराव आणि बोंडा यांची पहिली भेट झाली, तेव्हा वेळचेरीच्या वसाहतीवरून जाणारी विमानंसुद्धा क्षणभर आभाळात थबकली असावीत. मुलगा प्राणेश दारात राजपाळयम जातीचा कुत्रा घेऊन उभा होता. रंग दुधाचा, उंची वासराची, उत्साह वरातीतल्या घोड्याचा. त्यानं पुढचे दोन्ही पाय राघोत्तमरावांच्या खांद्यांवर टेकले आणि त्यांच्या कपाळावरचं गोपीचंदन एका चाटण्यात साफ केलं. बंदराच्या कचेरीतल्या एकाही साहेबाची त्यांच्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्या गोपीचंदनाकडे बोट करायची छाती झाली नव्हती.

प्राणेश नोकरीसाठी परदेशी गेला, बोंडा राहिला. राघोत्तमराव त्याला मोकळाच ठेवत. "माझ्या बोंडाला शिस्त उपजतच आहे," असं ते पाहुण्यांना सांगत, तेव्हा बोंडा पाहुण्यांची चप्पल खात असे.

परसाच्या भिंतीपलीकडे राखीव जंगल होतं. गेल्या महिन्यात बोंडा एका चितळामागे धावला, तेव्हा वसाहतीच्या सेक्रेटरी विद्यालक्ष्मी शांतपणे म्हणाल्या, "मामा, परत मोकळा दिसला तर त्याला इथे ठेवता येणार नाही." राघोत्तमरावांनी त्याच दिवशी उत्तम पट्टा आणला आणि खिळ्याला टांगला.

रोज पूजा आटोपली की ते परसात कावळ्यांना भात घालत. कावळे पाच, भात पंचविसांचा. उरलेल्या भाताची बातमी जंगलात कधी पोचली, हे त्यांना त्या गुरुवारी कळलं. भात घेऊन ते बाहेर आले, मागून बोंडा. धुण्याच्या दगडाशी चितळाचं पाडस कालचा भात खात होतं. भिंतीच्या खिंडाराशी त्याची आई खूर आपटत होती.

बोंडा थिजला. शेपूट ताठ, डोळे पाडसावर. चप्पल खाणारा बोंडा तो नव्हेच.

"अहो, हाक मारा त्याला," त्यांची पत्नी कृष्णवेणी दारातून कुजबुजल्या.

"आवाज झाला तर पाडस पळेल. ते पळालं की हाही सुटला."

"पट्टा कुठाय?"

"आत."

"हो, भिंतीला शोभतोय तिथे."

राघोत्तमरावांनी खांद्यावरचं अंगवस्त्र हळूच काढलं. एक पाऊल. दुसरं. पाडसानं मान वर केली. बोंडाचे मागचे पाय वाकले. खुर्चीतसुद्धा हप्त्याहप्त्यानं बसणाऱ्या राघोत्तमरावांनी त्याच्यावर सरळ अंग टाकलं. अंगवस्त्र मानेभोवती पडलं आणि बोंडानं त्यांना पोटावर फरफटत दगडापर्यंत नेलं. कापड टरकन फाटलं, पण सुटलं नाही. त्यांनी डोळे उघडले तेव्हा पाडस निसटलं होतं, खिंडारातही कुणी नव्हतं.

गलका ऐकून विद्यालक्ष्मी आल्या. "मामा, पट्टा होता का?"

"होता की, आत्ताच तर..." कृष्णवेणींनी सुरुवात केली.

"नव्हता," भातात बसलेले राघोत्तमराव म्हणाले. दोन्ही हात अजून बोंडाच्या गळ्यात होते. "आणि हरणांना इथे बोलावलं तेही मीच."

शनिवारी बोंडाला तिरुवण्णामलैजवळच्या एका शेतावर पाठवलं.