दार उघडण्याआधी

अक्का थरारपट डोळे मिटून बघायच्या. निदान पहिल्यांदा तरी. पडद्यावर अंधारा जिना असो की ओसाड पार्किंग, अक्का खुर्चीतच मांडी घालून, हात पोटावर ठेवून, डोळे बंद करून बसत. ज्यांना ठाऊक नसे त्यांना वाटे, बाई घाबरल्या. काहींना वाटे, झोपल्या. मी माझ्या पहिल्यावहिल्या सिनेमाची सुरुवात त्यांना दाखवायला घेऊन गेलो तेव्हा मलाही तसंच वाटलं, आणि मी मनातल्या मनात माझ्या घराकडची, सर्जापूर रोडची परतीची बस पकडली. प्रसंग संपला. डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "तुझा कुत्रा चुकीच्या वेळी भुंकतोय, तम्मा. त्याला माणसाच्या आधी कळायला पाहिजे की."

मग त्यांनी तोच प्रसंग पुन्हा लावला. या खेपेला डोळे उघडे आणि आवाज बंद. "आता चित्र काय म्हणतंय ते बघू. दोघं एकदम बोलायला लागले की कोण खोटं बोलतंय ते कळत नाही."

तम्मा म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ. अक्का निपाणीकडच्या. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि रागावल्या की दोन्ही. बेंगळुरूच्या चित्रपटसृष्टीत संकलक म्हणून त्यांचं नाव मोठं होतं. फिल्मच्या पट्ट्या कात्रीने कापून चिकटवण्याच्या दिवसांपासून त्या या धंद्यात होत्या, आणि कुठल्याही थरारपटाची सुरुवात जमत नसली की दिग्दर्शक शेवटी त्यांचाच जिना चढत. त्यांची संकलनाची खोली बेंगळुरूतल्याच शिवाजीनगरात, पत्र्याची कपाटं ठोकणाऱ्या एका वर्कशॉपच्या वर होती. खालची ठोकाठोक आत येऊ नये म्हणून दाराला आतून जुनी गादी खिळवलेली. मी पुण्याहून आलेला, आयटीत नोकरी करणारा, शनिवार-रविवारचा दिग्दर्शक. माझं काम त्यांनी का घेतलं हे मी एकदा विचारलं. "तू पाया पडला नाहीस," त्या म्हणाल्या. "पाया पडणारे नंतर ऐकत नाहीत."

शिकवणं वगैरे शब्द त्यांना आवडत नसत. पण एकदा खालच्या हॉटेलात इडली खाताना मी विचारलं, की थरारपटाच्या पहिल्या प्रसंगात नेमकं काय करायचं असतं. त्यांनी उत्तर दिलं नाही. पाण्याने भरलेला स्टीलचा पेला टेबलाच्या कडेवर, अर्धा बाहेर, असा ठेवला आणि मला घरचं विचारायला लागल्या. आईची गुडघेदुखी कशी आहे, बहिणीचं लग्न ठरलं का. मी काय उत्तरं दिली देव जाणे. शेजारून वाढपी गेला की माझा जीव वर-खाली होत होता. शेवटी मी हात पुढे केला, तसा त्यांनी पेला उचलला आणि सावकाश पाणी प्यायल्या.

"पडला असता तर तू मोकळा झाला असतास," त्या म्हणाल्या. "फार तर पँट भिजली असती. न पडणारा पेला दाखवायचा. समजलं? सरी, बरं, आता चटणी घे."

माझ्या सिनेमाचा निर्माता म्हणजे नितीन. नागपूरचा, माझ्याच कंपनीतला जुना वरिष्ठ, मनाचा उमदा. त्याला सुरुवातीलाच खून हवा होता. "यार, लोक मोबाईल हातात घेऊन बसतात. पहिल्याच शॉटमध्ये रक्त दिसलं नाही तर ते चॅनल बदलतील. बॉडी दाखव, म्युझिक वाजव, टायटल टाक."

अक्कांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "प्रेत दाखवलं की भीती संपली, अण्णा. पुढं राहते ती नुसती चौकशी. तुम्हाला भीती पाहिजे का चौकशी?"

"अक्का, भीतीच पाहिजे. पण दिसली पाहिजे ना!"

"दिसली की ती भीती कुठली? ते संकट."

नितीन माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, ठीक आहे, तुमच्या पद्धतीने करून बघा. लोकांना दाखवू, ते सांगतील.

माझ्या सिनेमाची गोष्ट साधी होती. एका इमारतीतून एक बाई तिच्या मुलीसकट नाहीशी होते आणि शेजारी तिला शोधायला लागतात. अक्कांनी सुरुवात अशी बांधली की बाई बाजारातून घरी येते, कुलूप काढते, आणि आत चपला काढायच्या जागी एक जोड जास्त असतो. संगीत नाही. कॅमेरा हलत नाही. नुसत्या चपला, आणि आतल्या खोलीत पंखा फिरल्याचा आवाज. मला तर तो प्रसंग बेहद्द आवडला होता. माझ्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये आम्ही तो ओळखीच्या लोकांना दाखवला. पहिला माणूस मोबाईलमध्ये बघायला लागला तेव्हा चपला अजून पडद्यावर होत्या. मागून कुणीतरी म्हणालं, "पाहुणे आले असतील," आणि सगळे हसले. अक्काही ऐकत होत्या.

परतीच्या रिक्षात मी त्यांची समजूत घालू लागलो, की लोकांनाच सवय नाही, आपला प्रसंग उत्तम आहे. तशी त्या फटकारून म्हणाल्या, "प्रेक्षकाला नावं ठेवू नकोस. माझं चुकलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर त्यांनी संगणक सुरूच केला नव्हता.

"बस," त्या म्हणाल्या. "काय चुकलं सांगते. चपला बघून त्या बाईला काही कळत नाही आणि बघणाऱ्यालाही कळत नाही. मग घाबरायचं कुणी? एकाला तरी ठाऊक पाहिजे, पुढं काय येतंय. मला हे ठाऊक असून मी केलं नाही. कारण ज्यातून मला ते कळलं, तिकडं मला जायचं नव्हतं."

मग त्यांनी सांगितलं. आवाज चढवला नाही, उतरवला नाही. मला वाटतं, एखादं दृश्य कापायला बसल्यावर बोलत तशाच त्या बोलल्या.

निपाणीत त्यांचं लग्न झालं, वैजू झाली. नवरा संध्याकाळी स्कूटरवरून घरी यायचा. अक्का स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असत. बाहेर स्कूटर थांबायची, इंजिन बंद व्हायचं, आणि अक्कांचं लाटणं थांबायचं. मग स्टँडचा आवाज यायचा. स्कूटर मागे ओढून नीट स्टँडवर चढवल्याचा, खट्ट. तो आला की दिवस बरा. लाटणं पुन्हा सुरू. पण एखाद्या दिवशी तो आवाज यायचाच नाही. स्कूटर नुसती भिंतीला टेकवलेली असायची. तेवढ्यावरून अक्कांना कळायचं की नवरा पिऊन आलाय आणि आज हात उचलणार. इंजिन बंद झाल्यापासून दार वाजेपर्यंत जो थोडा वेळ मिळे, त्यात त्या गॅस बंद करत, वैजूला पाटीपेन्सिलीसकट आतल्या खोलीत नेत, दाराला बाहेरून कडी घालत, आणि परत येऊन पोळपाटासमोर बसत.

"मार विसरले," त्या म्हणाल्या. "अंगाला तो आठवत नाही आता. ते थांबलेलं लाटणं आठवतं."

एके दिवशी नवरा कामावर गेला असताना त्यांनी वैजूला उचललं आणि गाडी पकडली. बेंगळुरूत यशवंतपूरला उतरल्या. पुढे कुठे जायचं ठाऊक नव्हतं, म्हणून तिथेच खोली घेतली आणि नंतर कायम त्याच भागात राहिल्या. शेजारच्या बाईचा नवरा सिनेमाच्या लॅबमध्ये होता. त्याच्या ओळखीने फिल्मचे तुकडे जोडायचं काम मिळालं. ऐकण्यात त्यांचा हात धरणारा त्या लॅबमध्ये कुणी नव्हता. कसा असणार?

"अक्का, हे आपण नको वापरूया," मी म्हणालो.

"का नको? माझं आहे, मी देतेय." त्यांनी संगणक सुरू केला. "पण एकदम नाही हं द्यायचं. आधी बघणाऱ्याला ऐकायला शिकव. पहिल्या दिवशी आवाज येऊ दे, त्या बाईला हसू दे, पोरीशी बोलू दे. दुसऱ्या दिवशीही येऊ दे. लोकांना वाटू दे, काय हे रोजचं घरकाम दाखवतायत. मग तिसऱ्या दिवशी तो आवाज काढून घे."

आम्ही पुन्हा चित्रीकरण केलं. स्कूटरचा आवाज मिळवायला अक्का स्वतः यशवंतपूरच्या गॅरेजांमध्ये फिरल्या. "ही फार नवी आहे", "हिचा स्टँड गंजलाय", असं करत एक जुनी स्कूटर त्यांनी पसंत केली, आणि ती पहिल्यांदा स्टँडवर चढली तेव्हा त्या झटकन रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने परत आल्या आणि गॅरेजवाल्याला म्हणाल्या, "स्वल्प हळू. तो घाईत नसायचा."

या खेपेला पूर्ण सिनेमा दाखवायला आम्ही लहानसं प्रिव्ह्यू थिएटर घेतलं. वैजू तेव्हा बेळगावात शाळेत विज्ञान शिकवत होती. ती योगायोगाने आईकडे आली होती म्हणून तीही आली. अक्कांनी तिला प्रसंगाबद्दल काही सांगितलं नव्हतं. "ती फार लहान होती. तिला काही आठवत नाही," असं त्यांनी मला ठामपणे सांगितलं होतं. मी त्या दोघींच्या मागच्या रांगेत बसलो.

पहिला दिवस गेला. खट्ट. दुसरा गेला. खट्ट. नितीन माझ्या शेजारी चुळबुळत होता. तिसऱ्या दिवशी स्कूटर थांबली, इंजिन बंद झालं, लाटणं थांबलं. पुढे काहीच आलं नाही.

थिएटरातल्या बायकांना आधी कळलं. डाव्या बाजूच्या रांगेतल्या एका बाईने पदर तोंडाला लावला. मग हळूहळू पुरुषांची चुळबुळ थांबली. पडद्यावर बाईने गॅस बंद केला, मुलीला आत नेलं, कडी घातली, परत येऊन बसली. दार वाजलं आणि सिनेमाचं नाव आलं. नितीनने माझा दंड इतका घट्ट धरला होता की तो सोडवायला मला दुसरा हात लावावा लागला. रक्ताचा थेंब न दिसता तो घाबरला होता, आणि पुढे त्याने प्रेताचं नाव काढलं नाही.

सिनेमा संपल्यावर लोक बाहेर पडले. वैजू उठली नाही.

"आई, त्यात एक राहिलंय," ती म्हणाली.

अक्का संकलकाच्या आवाजात म्हणाल्या, "काय राहिलंय?"

"तू मला आत नेताना गुणगुणायचीस. हसत हसत न्यायचीस. या सिनेमातली बाई गप्प आहे. तू गप्प नव्हतीस."

अक्का तिच्याकडे वळल्या. "तुला आठवतं?"

"मला वाटायचं, आपण कसलातरी खेळ खेळायचो. खूप नंतर कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलत नव्हतीस, म्हणून."

मी तिथून निघून रिक्षा बघायला बाहेर गेलो. दोघी आल्या तेव्हा अक्कांनी लेकीच्या हाताला धरलं होतं. रिक्षात बसता बसता मला म्हणाल्या, "सोमवारी त्या नटीला बोलव. तिला गुणगुणायला लावायचंय. तोंडावर हसू पाहिजे. आणि वैजू पण येईल खोलीवर. सूर तीच सांगेल."

त्या सोमवारी वैजू पहिल्यांदाच आईच्या कामाच्या खोलीत आली. गादी लावलेल्या दाराआड दोघी दिवसभर शेजारी बसल्या आणि एका साध्या गुणगुणण्यावरून भांडल्या. "असं नव्हतं, आई, शेवटी वर जायचीस तू." "मी वर कशाला जाईन? मला सूर कुठला?" मी चहा आणत राहिलो. हसत गुणगुणत मुलीला आत नेणारी ती बाई ज्यांनी ज्यांनी पाहिली, त्यांच्यातल्या कुणीही मला कधी विचारलं नाही की पहिल्या प्रसंगात काही घडत का नाही.

तो सिनेमा चालला. त्यानंतर मी नोकरी सोडली आणि आणखी सिनेमे केले. कुणी म्हणालं, की सुरुवातीला एक मुडदा टाका, तर मी सरळ नाही म्हणतो. समजावत बसत नाही. अक्का मात्र माझ्या दुसऱ्या सिनेमानंतर शिवाजीनगरची खोली बंद करून बेळगावला लेकीकडे राहायला गेल्या. मधून मधून फोन करत. मी काही कापलं असेल तर फोनवर ऐकवायला सांगत. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत.

मी बेळगावला भेटायला गेलो. वैजूने चहा केला आणि आम्ही बराच वेळ अक्कांच्या ओरडण्याच्या नकला करत हसलो. मग मी तिला म्हणालो, की त्या काळात तुझं लहानपण किती भीतीत गेलं असेल.

"माझं?" वैजू म्हणाली. "मला कुठली भीती? मी तर पडल्या पडल्या झोपायचे. आई जागी असायची ना, ऐकत."