नेत्रविभागाची तारीख

मोबाईल फोन मनुष्याच्या उपयोगाचा आहे काय, या प्रश्नाचे उत्तर मी एकदा आमच्या मराठी मंडळाच्या व्यासपीठावरून पंचवीस मिनिटे दिले होते. उत्तर नकारार्थी होते. श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या आणि अध्यक्षांनी माझ्या भाषेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. पत्नी दुसऱ्या रांगेत बसली होती. परतताना मेट्रोत ती मला म्हणाली, "भाषण छान झालं. पण मधे दोनदा तुम्ही फोन काढून किती वाजले ते पाहिलंत. समोरच्यांना हसू आलं असणार."

तो प्रश्न आज पुन्हा माझ्यापुढे आला आहे. या वेळी व्यासपीठ नाही, आणि माझे उत्तर ऐकून कोणी टाळ्या वाजवील असे वाटत नाही.

माझा व्यवसाय अर्जनवीसाचा. पूर्व दिल्लीतील एका सरकारी कचेरीच्या भिंतीलगत माझे पत्र्याचे टेबल गेली सव्वीस वर्षे आहे. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते, त्यामुळे बालपण लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये गेले. शिक्षण दहावीच्या गणितापाशी थांबले. परंतु भाषा मला कोणत्याही शाळेने शिकवलेली नाही, ती मी स्वतः मिळवली. "सेवा में, श्रीमान महोदय" येथून आरंभ करून "प्रार्थी आपका सदैव आभारी रहेगा" येथपर्यंत मजकूर असा न्यावा की वाचणाऱ्या अधिकाऱ्याचा हात आपोआप सहीकडे वळावा, ही कला आहे. माझ्या अर्जांनी बंद पडलेली रेशनकार्डे सुरू झाली आहेत, विधवांच्या अडकलेल्या पेन्शनी सुटल्या आहेत. कचेरीतील शिपाईसुद्धा मला "मुंशीजी" म्हणून नमस्कार करीत.

भूतकाळी लिहिले, कारण अलीकडे लोक फॉर्म फोनवरच भरतात. माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच टेबलाला टेकून, एक गृहस्थ उत्पन्नाचा दाखला मागण्याचा अर्ज अंगठ्याने भरून गेला आणि जाताना मला म्हणाला, "ताऊजी, ज़रा हटना, सिग्नल नहीं आ रहा." कित्येक दिवशी मी कोरा कागद घेऊन बसे आणि कोरा कागद घेऊन परत येई. घरी मात्र "आज बरंच काम होतं" असे सांगत असे. पत्नी "अच्छा" म्हणे आणि चहा टाकी. तिला सारे समजत होते, हे मला फार उशिरा कळले.

त्या हिवाळ्यात तिला दिव्यांभोवती रंगीत कडी दिसू लागली. चहा कपाबाहेर पडू लागला. एकदा ती दाराच्या चौकटीवर आदळली आणि म्हणाली, "हे दार कुणी सरकवलं?" आम्ही दोघेही हसलो. मयूर विहारमधील आमच्या घरापासून जवळच एक डोळ्यांचे डॉक्टर बसतात. त्यांनी तपासून सांगितले की काचबिंदू, इकडच्या भाषेत काला मोतिया, आहे, डोळ्यातला दाब फार वाढला आहे. उजवा डोळा बराच गेला आहे, डावा वाचवता येईल. थेंब लिहून दिले आणि मोठ्या सरकारी इस्पितळाच्या नेत्रविभागासाठी चिठ्ठी दिली. "जितना जल्दी हो सके," असे ते दोनदा म्हणाले.

इस्पितळाच्या खिडकीवर चार महिन्यांनंतरची तारीख मिळाली.

पत्नीची भाची नोएडाला कंपनीत नोकरी करते. मूळची पुण्याची, वयाने पंचविशीची, जिभेने त्याहून मोठी. रविवारी ती जेवायला येत असे. तारखेचा कागद पाहून ती म्हणाली, "चार महिने? काका, या इस्पितळाचं ॲप आहे. लोक तारखा रद्द करतात ना, त्या रोज सकाळी आठ वाजता पुन्हा खुल्या होतात. आठला बसायचं, मिळेल ती घ्यायची. बिल्कुल सोपं आहे."

"घरबसल्या बोटाने मागितलेल्या गोष्टीला वजन नसते," मी म्हणालो. "मी अधीक्षकांना अर्ज करणार आहे."

"यार काका, अधीक्षक वाचणार आहेत का तो?"

"माझा अर्ज वाचतात."

"मावशी, तू बोल ना काहीतरी!"

पत्नी भाकरी थापत होती. म्हणाली, "त्यांना लिहू दे गं. छान लिहितात ते."

तो अर्ज मी दोन दिवस लिहिला. तीन कच्चे मसुदे केले. परक्यांसाठी हजारो अर्ज लिहिले होते. घरच्या माणसासाठी हा पहिलाच. "प्रार्थी की धर्मपत्नी की नेत्रज्योति दिन-प्रतिदिन क्षीण हो रही है" हे वाक्य लिहून झाले तेव्हा मला स्वतःलाच गहिवरून आले, आणि खरे सांगायचे तर थोडा अभिमानही वाटला. मंगळवारी तो इस्पितळात दिला. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. ही शिक्क्याची प्रत म्हणजे आमच्या धंद्यात अर्ध्या कामाची हमी मानतात. खिडकीवरचा बाबू म्हणाला, "बहुत बढ़िया लिखा है, मुंशीजी." येताना मी पाव किलो बर्फी घेतली. ती प्रत पत्नीच्या हातात दिली, शिक्क्यावर तिचे बोट ठेवले आणि सांगितले, "आता आठवड्याभरात बोलावणं येईल. पाहा तू."

ती बराच वेळ कागद डोळ्यांजवळ धरून होती. मग म्हणाली, "किती दिवसांनी तुमचा चेहरा असा पाहिला."

बोलावणे आले नाही. मी दोन स्मरणपत्रे दिली. सातव्या आठवड्यात पोस्टाने उत्तर आले, आणि ते एका ओळीचे होते: कृपया तारखेसाठी ॲपद्वारे नोंदणी करावी. मी ते पत्नीला वाचून दाखवले नाही. "विचाराधीन आहे" असे सांगितले. त्या क्षणी मी फोन उचलायला हवा होता. परंतु ज्या दाराशी मी सव्वीस वर्षांची विद्या घेऊन गेलो होतो, त्या दाराने मला शिपायासारखे दुसऱ्या दाराकडे पिटाळले होते, आणि त्याचा मला राग आला होता. खिडकीवरची तारीख आता फार दूर नाही, तोवर थेंब चालूच आहेत, अशी मी माझी समजूत घातली. भाची त्या सुमारास कंपनीच्या कामासाठी काही महिने बंगळुरूला गेली होती. घरात मला टोकणारे कोणी नव्हते.

खिडकीच्या तारखेला पंधरा दिवस उरले असताना एका सकाळी पत्नी नळाशी उभी राहून ओकू लागली. डोके फुटते आहे म्हणाली. मग भिंत चाचपत खाली बसली आणि म्हणाली, "अहो, लाईट गेले का?" खिडकीतून ऊन आत आले होते.

रिक्षाने इस्पितळ गाठले. त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. एक तरुण डॉक्टर बाहेर आला आणि त्याने विचारले, "इतने दिन कहाँ थे? काला मोतिया में जो चला जाता है, वापस नहीं आता." मी पिशवीतून शिक्क्याची प्रत काढून त्याच्यापुढे धरली. त्याने ती वरपासून खालपर्यंत वाचली. एवढ्या काळात माझा अर्ज पूर्ण वाचलेला तो पहिला अधिकारी असावा. मग नीट घडी घालून त्याने ती मला परत केली आणि अगदी सौम्यपणे म्हणाला, "अंकल, इससे क्या होगा?"

उजवा डोळा पूर्ण गेला. पत्नीला आता डाव्या डोळ्याने उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. समोर कोणी उभे राहिले तर सावली आली हे समजते, कोण आले ते समजत नाही.

महिन्याभराने भाची बंगळुरूहून परतली. आली ती थेट मावशीच्या गळ्यात पडली आणि पुष्कळ रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "चलो, तुझा फोन दे. बोलका करते. बोट ठेवशील ते वाचून दाखवील." दुपारभर ती मावशीचे बोट धरून शिकवत राहिली. फोनमधून एका बाईचा सपाट आवाज येऊ लागला. घड्याळ, हवा, गॅस सिलेंडर पोचल्याचा निरोप. पत्नी हरखली. "ही तर तुमच्यापेक्षा स्पष्ट बोलते!" ती मला म्हणाली. मी शेजारी बसून शेंगा सोलत होतो. कित्येक आठवड्यांनी घरात हसण्याचा आवाज झाला होता.

"आता जुने मेसेज वाचायचे," भाची म्हणाली. "असं वर सरकव. आणखी."

पत्नीने बोट सरकवले. आणखी सरकवले. आवाज म्हणाला, "नेत्र विभाग में आपका पंजीकरण हो गया है. गुरुवार, प्रातः नौ बजे."

पत्नीने बोट चटकन उचलले. ते पुन्हा टेकले ते नेमके पुढच्या निरोपावर.

"नेत्र विभाग में आपका पंजीकरण आपके अनुरोध पर रद्द किया जाता है."

मी सोलत होतो ती शेंग हातातच राहिली. "आपके अनुरोध पर", म्हणजे आपल्या विनंतीवरून. हे शब्द मी आयुष्यात किती वेळा लिहिले असतील याची गणती नाही. भाचीने फोन ओढून घेतला आणि दिवस पाहिले. पहिला निरोप सोमवारचा होता. दुसरा मंगळवारी संध्याकाळचा, म्हणजे बर्फीच्या दिवसाचा.

"मावशी, सोमवारी आपण दोघींनी मिळून घेतली होती ही तारीख," भाची म्हणाली. "तू फोनवर होतीस, मी एकेक बटण सांगत होते. आणि नंतर मी विचारलं तर तू म्हणालीस, जाऊन आले! थेंब दिलेत म्हणालीस!"

"थेंब होतेच की."

"का गं केलंस असं?"

"ओरडू नकोस."

"ओरडू नको? काका, तुम्हाला माहीत होतं हे?"

"नाही," मी म्हणालो.

"त्यांना कुठून माहीत असणार," पत्नी म्हणाली. ती जमिनीकडे तोंड करून बोलत होती. "गुरुवारी गेले असते तर अर्जाचं काय झालं असतं? ते त्या दिवशी बर्फी घेऊन आले होते. मला वाटलं, महिनाभराचा तर प्रश्न आहे. ह्यांच्या अर्जाने मिळू दे तारीख. रोज रिकामे घरी येतात आणि 'काम होतं' म्हणून सांगतात, एक तरी काम होऊ दे त्यांचं."

"मग मला सांगायचं होतंस," मी कसेबसे म्हणालो.

"सांगितलं असतं तर तुम्ही आणखी एक अर्ज केला असतात," ती म्हणाली, आणि थोडीशी हसली. ते हसू तिने मला बरे वाटावे म्हणून आणले होते. भाची उठून गॅलरीत गेली आणि काळोख पडेपर्यंत आत आली नाही. जाताना तिने मावशीला नमस्कार केला, मला केला नाही.

ती गुरुवारची तारीख दुसऱ्या कोणालातरी मिळाली असेल, हा विचार मला वारंवार येतो. आठ वाजता कोणीतरी बसला असेल, त्याला ती एकाएकी खुली झालेली दिसली असेल, आणि त्याच्या आईचा किंवा बायकोचा डोळा वाचला असेल. तो मनुष्य मोबाईलला उपयोगी म्हणेल, आणि ते खरेच असेल. माझ्या घरातही ते यंत्र उपयोगीच ठरले होते. त्याने मागितल्या दिवशी तारीख दिली होती. निरुपयोगी ठरलो तो मी, आणि तेही निरोगी डोळ्यांनी.

क्षमा मागावी असे पुष्कळदा मनात येते. एकदा कागद घेतलाही. दोन ओळी लिहिल्यावर ध्यानात आले की ती हे वाचू शकणार नाही, आणि तिच्यासमोर उभे राहून मजकुराशिवाय बोलणे मला कधी जमलेले नाही.

मागच्या आठवड्यात उजेड टिकून आहे का हे तपासण्यासाठी पुन्हा तारीख घ्यायची होती. पत्नी म्हणाली, "पोरीला सारखं काय सांगायचं. उद्या आठला तुम्हीच बसा. मी सांगते."

सकाळी आठ वाजता मी फोन घेऊन तिच्या शेजारी बसलो. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला होता. तिच्यासमोर अंधार होता, पण फोनचा तो पडदा तिला पाठ होता.

"वर इस्पितळाचं चित्र आलं?"

"आलं."

"खाली सरका. विभाग विचारेल. डोळ्याचं चित्र असेल."

"आहे."

"ते दाबा. आता तारखा येतील. हिरव्या आहेत त्या मोकळ्या."

"दोन आहेत हिरव्या."

"अलीकडची घ्या. आता खाली दोन बटणं येतील. निळं मोठं, ते पक्कं करायचं. त्याच्याखाली लाल अक्षरं आहेत बारीक, तिकडे बोट जाऊ देऊ नका."

लाल अक्षरे होती. खरोखरच बारीक होती. मी त्यांच्याकडे पाहत राहिलो.

"ते दाबलं की विचारतं," ती म्हणाली. "नक्की रद्द करायचं का म्हणून. हो म्हटलं की पुन्हा एकदा विचारतं."

माझ्या डोळ्यातला थेंब तिच्या हातावर पडला.

"अहो," ती म्हणाली, "आता रडताय काय. आधी निळं दाबा. तारीख जाईल."

मी निळे बटण दाबले.