अकरा रिव्हेटांचे ठिगळ

रेवदंड्याचे कोंडाजी घरत हवाई दलात वीस वर्षे एअरफ्रेम फिटर होते. विमानाचे इंजिन किंवा शस्त्रे यांच्याशी त्यांचा संबंध नसे; विमानाचा पत्र्याचा देह सांभाळणे एवढेच त्यांचे काम होते. त्यांतील बहुतेक वर्षे मिग-२१ या एकाच जातीच्या विमानावर गेली. सार्जंट म्हणून निवृत्त होऊन ते गावी परतले, आणि पुढील सत्तावीस वर्षे त्याच विमानाच्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृती जुळवीत बसले.

'जुळवीत' हा शब्द पुरेसा नाही. परदेशी कंपन्यांचे संच पेटीत येतात. सुटे भाग चिकटवले, रंग दिला की विमान तयार होते. कोंडाजींनी पेटीतील भाग जसाच्या तसा कधी चिकटवला नाही. प्रत्येक भाग आधी ते व्हर्निअरने मोजत आणि मग त्यातील चूक सांगत. नाकाचा शंकू बोथट आहे, चाकाचे झाकण जाड आहे, असे ते एखाद्या माणसाचे दोष सांगावेत तशा स्वरात सांगत. त्यानंतर कानस, पुट्टी आणि पॉलिश पेपर घेऊन ती चूक दुरुस्त करीत. मी तंत्रनिकेतनात यंत्ररेखाटन शिकवून निवृत्त झालो आहे. त्यांच्या मोजमापांवरून अठ्ठेचाळीसपट लहान प्रमाणाचे आराखडे काढून देणे, हे माझे त्यांच्याकडील काम.

त्यांचा सर्वांत मोठा राग एका संचातील 'पाठी'वर होता. चालकाच्या आसनामागून शेपटापर्यंत विमानाच्या पाठीवर जो लांबट उंचवटा जातो, तो या संचात दीड मिलिमीटर अरुंद होता. कोंडाजींनी अकरा महिने खपून ती पाठ नव्याने घडवली. माझ्या आराखड्याशी ती केसभरही चुकली नाही. तिच्या दहा प्रती रेझिनमध्ये ओतून आणण्यासाठी त्यांनी ती आपल्या भाच्याच्या हाती दिली.

भाचा विनेश मढवी पेणला राहतो. गणपतीच्या मूर्तींच्या एका कारखान्यात तो रबराचे साचे बनवतो, आणि त्या कामात त्याचा हात फार चांगला आहे. मूळ मूर्तीवर बोटाचा ठसा असेल तर तोही त्याच्या साच्यातून उतरतो. विनेशने मामाला दहा प्रती दिल्या, आणि त्याच साच्यातून आणखी दोनशे ओतून फोनवरून देशभर विकल्या. पाकिटावर छापले होते: 'मढवी पाठ. संशोधन व निर्मिती: विनेश मढवी, पेण.'

हे कोंडाजींना कळले तेही विचित्र रीतीने. अलिबागला प्रतिकृतीकारांचे एक लहान मंडळ आहे. त्याच्या चिटणीस हेमालीताई यांनी कोंडाजींना निरोप पाठवला की, पेणच्या एका तरुणाने मिगची पाठ अचूक दुरुस्त केली आहे, आपण अवश्य मागवून पाहावी, आपल्याला शिकण्यासारखे आहे.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन पेणला गेले. विनेश कारखान्यात साचा धूत होता. तो हात पुसून मामाच्या पाया पडल्यावर कोंडाजींनी पाकीट त्याच्यापुढे धरले.

"ह्यावर नाव कोनाचं हाय?"

"माझं." विनेश जराही गडबडला नाही. "मामा, साचा माझा, रेझिन माझं, ओतलं मी. गणपती घ्यायला येनारा माणूस कारखान्याचं नाव इचारतो. पहिली मूर्ती कोनी घडवली ते कोन इचारतंय?"

"संशोधन असं लिवलंय."

"ते छापखान्यावाल्यानं सुचवलं. बरं दिसतं."

कोंडाजींनी पाकीट पिशवीत टाकले. परतीच्या एस.टी.त वडखळ गेल्यावर त्यांनी मला हवाई तळावरील एक पद्धत सांगितली. प्रत्येक कामाच्या नोंदीपुढे दोन सह्या असतात: पहिली काम करणाऱ्याची, दुसरी तपासणाऱ्याची. दोन्ही झाल्याखेरीज विमान जमिनीवरून हलत नाही. काम न करता पहिल्या रकान्यात सही करणे हा तेथील सर्वांत नीच अपराध.

"चोरी केली असती तर सोडला असता, सर," ते म्हणाले. "ह्यानं पहिल्या रकान्यात सही केली. ह्याला मी चार माणसांत उघडा करनार."

मी त्यांना समजावले नाही. मला ते योग्यच वाटले, हे येथे नमूद करतो.

त्यानंतरचे सात महिने मी कोंडाजींना जितके आनंदी पाहिले तितके त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते. त्यांनी दुसरी पाठ घडवायला घेतली. पहिलीपेक्षाही ती सरस होती, कारण तीवर सर्व जोडरेषा आणि झाकणे कोरलेली होती. शिवाय डाव्या अंगाला, तांदळाच्या दाण्याहून किंचित रुंद असे एक ठिगळ होते.

हे ठिगळ खरे होते. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली उत्तरेकडील एका तळावर कोणाच्या तरी हातून लोखंडी शिडी निसटून एका मिगच्या पाठीवर पडली आणि पत्रा फाटला. कोंडाजींनी तेवढा भाग कापून वहीच्या पानाएवढा नवा पत्रा बसवला. रिव्हेट बारा मारायचे होते; खालच्या मागील कोपऱ्यात आतली चौकट आडवी आल्याने तेथे छिद्र पाडता येईना, म्हणून अकराच मारले. हवाई दलातील शेकडो मिगपैकी त्या एकाच विमानाच्या अंगावर ते ठिगळ होते. त्यांच्या जुन्या वहीत त्याचे रेखाचित्र, तारीख आणि विमानाचा क्रमांक आहे. खाली त्यांची सही, आणि तिच्या शेजारी तपासणाऱ्या अधिकाऱ्याची.

भिंगाखाली शिवणाच्या सुईने त्यांनी ते अकरा रिव्हेट टोचले आणि बारावी जागा रिकामी सोडली.

"विनेशला कळनार न्हाय?" मी विचारले. त्यांच्या सहवासात माझ्याही तोंडी अधूनमधून ती बोली येते.

"कसं कळंल? त्यानं मिगला कधी हात लावलाय?" ते म्हणाले. "पन सोडनार न्हाय तो. मूर्तीवरचा ओरखडासुद्धा सोडत न्हाय. हुशार हाय ना."

भाऊबीजेला कोंडाजी दरवर्षी धाकट्या बहिणीकडे, म्हणजे विनेशच्या आईकडे, पेणला जातात. गेल्या भाऊबीजेलाही गेले. कोकिळाबाईंनी ओवाळले, भावाने ताटात साडी ठेवली, जेवणे झाली. निघताना ते एक चपटी पेटी कोनाड्यात विसरले. आठवडाभराने बहिणीला फोन करून म्हणाले की, माझी पेटी राहिली आहे, येत्या रविवारी घेऊन जाईन. रविवारी पेटी मिळाली. आतील पाठीला रबराचा अगदी पुसट वास येत होता. त्यांनी तो मलाही घ्यायला लावला.

जानेवारीत अलिबागला मंडळाचे प्रदर्शन भरले. मिग-२१ आदल्याच वर्षी सेवेतून निवृत्त झाल्याने मध्यभागी सगळी तीच विमाने होती. त्यांतील निम्म्याहून अधिक विमानांवर विनेशने विकलेली नवी पाठ होती आणि प्रत्येकीच्या डाव्या अंगाला ते ठिगळ होते. काहींनी त्याला वेगळा रंगही दिला होता. विनेशने स्वतंत्र टेबल मांडले होते: 'मढवी पाठ, नवी सुधारित आवृत्ती.' कोंडाजी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले, सर्व टेबलांवरून सावकाश फिरले, आणि शेवटी भाच्यापुढे उभे राहिले. हेमालीताई तेथेच होत्या. पाच-पंचवीस माणसे असतील.

"विनेश, ह्यो चौकोन कसला?"

विनेशने त्यांच्याकडे पाहिले. तो काहीसा सावध झाला असावा; पण गिऱ्हाइके ऐकत होती.

"झाकन हाय, मामा. आतल्या वायरी तपासाला."

"सगल्या विमानांना असतंय?"

"सगल्यांना."

"तू बघितलंस?"

"संशोधन केलंय ना," विनेश म्हणाला, आणि एकदोघे कौतुकाने हसले.

कोंडाजींनी पिशवीतून वही काढून हेमालीताईंच्या हाती दिली आणि त्यांना पान मोठ्याने वाचण्यास सांगितले. ताईंनी तारीख, विमानाचा क्रमांक आणि 'अकरा रिव्हेट, बारावा चौकटीमुळे वर्ज्य' ही ओळ वाचली. मग भिंग घेऊन त्या शेजारच्या विमानावर वाकल्या. त्यांच्या मागे सारेजण आपापल्या विमानावर वाकले. कोणीतरी "नऊ, दहा, अकरा" असे मोजले आणि थांबला.

"हे झाकन न्हाय," कोंडाजी म्हणाले. "मी लावलेलं ठिगल हाय. एका विमानाला. तुमी सगल्यांनी ते आपापल्या विमानाला लावलंत. पहिली पाठबी माझीच. इचारा त्याला."

विनेशला कोणी विचारले नाही. तो टेबलावरील पाकिटे एकेक करून पालथी घालू लागला, म्हणजे नावाची बाजू खाली जाईल. पेझारीहून आलेले एक वृद्ध गृहस्थ शांतपणे म्हणाले, "पोरा, माझ्या विमानाला दुसऱ्याचं औषधपाणी केलंस की रे." तेव्हा सगळे हसले. ते हसणे मी ऐकले आहे, आणि कोंडाजींचा तेव्हाचा चेहराही पाहिला आहे. तो माणूस जेवून उठल्यासारखा दिसत होता.

तिसऱ्या दिवशी कोकिळाबाई विनेशला घेऊन रेवदंड्याला आल्या. पडवीच्या पायरीवरच थांबल्या.

"दादा, माझ्या भाऊबीजेच्या ताटाशी गल लावलास तू. माझ्याच घरात."

"चोर तुझ्याच घरात व्हता. दुसरीकडं लावून काय उपेग?"

"त्याला दोन थोबाडीत मारायच्या व्हत्या. मी आडवी आली नसती."

"थोबाडीत मारलेलं दोन दिसांत जातंय," कोंडाजी म्हणाले. "बस. च्या घेशील?"

"तुझा च्या तूच घे," असे म्हणून त्या बसल्या, आणि चहाही घेतला.

मंडळाने विनेशला विक्री बंद करण्यास सांगितले होते. त्याच्याकडे त्र्याण्णव पाठी शिल्लक होत्या. हेमालीताईंनी एक वाट ठेवली होती: कोंडाजींनी तपासून पसंत केल्यास तो तेवढा संच मंडळामार्फत विकला जाईल आणि विनेशला मंडळात राहता येईल. त्याला ते हवे होते. मूर्तींच्या साच्यांवर त्याचे नाव कोठेच नसते. येथेच काय ते होते.

कोंडाजींनी अट घातली. विनेशने पडवीत बसून प्रत्येक पाठीवरील ठिगळ हाताने घासून काढायचे. मी नोंदवहीत त्र्याण्णव ओळी आखायच्या, दोन रकाने: काम करणारा आणि तपासणारा. सगळा संच एकच समजला जाईल. त्र्याण्णव पूर्ण झाल्याखेरीज एकही पाठ बाहेर जाणार नाही.

विनेश दर रविवारी साडेनऊच्या एस.टी.ने येऊ लागला. पहिल्या रविवारी त्याने चौदा पाठी घासल्या आणि कोंडाजींनी चौदाही परत केल्या.

"हितं खड्डा हाय."

"मामा, डोल्याला दिसत न्हाय."

"तुझ्या डोल्याला ठिगलबी दिसलं नव्हतं."

एक पाठ त्याने सहा वेळा घासली. पुट्टी भरायची, वाळू द्यायची, घासायची, पुसलेली जोडरेषा पुन्हा कोरायची, आणि मामापुढे ठेवायची. कोंडाजी आरामखुर्चीत बसून भिंगातून पाहत, बोट फिरवत आणि ती परत त्याच्या बाजूला सरकवत. मुद्दाम छळण्यासाठी त्यांनी एकही पाठ परत केली नाही. मी प्रत्येक तपासली आहे. चूक असेच. पाचव्या रविवारनंतर चुका कमी होत गेल्या. आठव्या रविवारी विनेश पाठ स्वतःच प्रकाशाकडे धरून पाहू लागला आणि मामाला दाखवण्याआधीच दोन त्याने आपण होऊन मागे घेतल्या. कोंडाजींनी ते पाहिले. त्यांचा चेहरा उतरला.

दहाव्या रविवारी त्र्याण्णवावी पाठ पूर्ण झाली. विनेशने पहिल्या रकान्यात सही केली आणि वही पुढे सरकवली. कोंडाजींनी ती पाठ पाऊण तास पाहिली. भिंग, व्हर्निअर, नख, सगळे झाले. मग मला दिली. मी आराखड्याशी ताडून पाहिली. ती निर्दोष होती. मी तसे सांगितले.

कोंडाजींनी पेनाला टोपण लावले.

"मामा, सही," विनेश म्हणाला.

"न्हाय."

"चूक दाखवा. परत करतो."

"चूक न्हाय."

विनेशने माझ्याकडे पाहिले. मी कोंडाजींना म्हणालो की, हे त्यांच्याच पद्धतीला धरून नाही. काम बरोबर असेल तर तपासणाऱ्याने सही नाकारता कामा नये. तसे करणारा पहिल्या रकान्यात खोटी सही करणाऱ्याच्याच पंक्तीला बसतो.

"बसतो की," ते म्हणाले. "मना सगलं ठाऊक हाय, सर. माझी चूक हाय. जन्मभर लोकांच्या घासल्या, ही एक माझी ऱ्हाऊ दे."

ब्याण्णव सह्या झालेल्या आणि एक न झालेली अशी वही त्यांनी कपाटात ठेवली. पाठींचे खोके तिच्या खाली ठेवले आणि कुलूप लावले.

विनेशने कानशी पुसल्या, क्रमाने लावल्या, पडवी झाडली. पायरीवर चपला घालताना त्याने विचारले, "पुढच्या रविवारी येऊ?"

"ये. सही व्हनार न्हाय."

"बरं."

पुढच्या रविवारी तो साडेनऊच्या एस.टी.ने आला. सही झाली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही तो आला.