दीदीला काही येत नाही

पहिल्याच दिवशी मला सांगण्यात आलं की मुलांना शिकवायचं नाही. झाडावर चढताना 'सांभाळून' म्हणायचं नाही. आणि एखाद्या मुलाने काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, उलट त्यालाच विचारायचं, "तुला काय वाटतं?"

मी हे वहीत लिहून घेऊ लागले तेव्हा ताई हसल्या. "हीच ती शाळेची सवय," त्या म्हणाल्या.

हा गट ताईंनीच काढला होता. शाळेत न जाणारी, घरीच शिकणारी बारा मुलं मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी इंदूरबाहेर सांवेर रोडवरच्या एका शेतावर जमायची. शेत ताईंच्या मैत्रिणीचं. चिंचेचं मोठं झाड, कोरडा नाला, आणि आयांसाठी सावलीत खुर्च्या. मुलांनी थेट निसर्गाकडून शिकावं, मध्ये कुणी येऊ नये, अशी कल्पना होती. मध्ये न येण्यासाठी त्यांना एक माणूस हवं होतं. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, विषय वनस्पतिशास्त्र. मला घेतलं.

"शिकवायचं नाही, तर जातेस कशाला बेटा?" बाबांनी विचारलं. ते तुकोगंजात एका दवाखान्याच्या गेटवर बसतात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे माझी प्रत्येक गोष्ट त्यांना नीट समजून घ्यायची असते.

"लक्ष ठेवायला."

"म्हणजे माझंच काम. फर्क इतकाच की मला खुर्ची मिळते."

मला मात्र सगळं खरं वाटत होतं. आमच्या शाळेत प्रश्न विचारला की बाई म्हणायच्या, "ज़्यादा होशियार मत बन." इथे उत्तर दिलं की ताईंचा चेहरा पडायचा. हे लोक शिकलेले, परदेशात राहून आलेले. त्यांना माहीत असणारच, असं मी धरून चालले होते.

गटात नऊ वर्षांची एक मुलगी होती. गळ्यात दोरीने बांधलेली छोटी वही असायची आणि तिच्यात नंबर घालून प्रश्न. "दीदी, हे कसलं झाड?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटलं असतं तर विचारलं असतं का?"

ती थोडा वेळ थांबायची, मग माझ्या तोंडाकडे बघून पुढे जायची. तिसऱ्या महिन्यात मी तिला दुसऱ्या एका मुलीला सांगताना ऐकलं, "दीदी से मत पूछ. उसको कुछ नहीं आता. बेचारी कॉलेज जाती है, फिर भी."

ते फार लागलं. मी ताईंना भीत भीत विचारलं, "झाडांची नावं तरी सांगू का?"

"नाव सांगितलं की कुतूहल मरतं," त्या म्हणाल्या. खुर्च्यांवरच्या आयांनी माना डोलावल्या. त्यांच्या मुलांच्या टोप्यांवर, डब्यांवर आणि पाण्याच्या बाटल्यांवर नावं ठळक लिहिलेली होती. कुठली बाटली कुणाची हे कुतूहल कुठल्याच आईला परवडत नसावं.

त्या गुरुवारी चुलीवर पोहे होते. रानातली पानंफळं गोळा करून जेवण रांधणाऱ्या माणसांचा एक व्हिडिओ ताईंनी पाहिला होता. म्हणून मुलांनी पोह्यांत घालायला आसपासचं काहीतरी शोधून आणायचं ठरलं. कुणी कढीपत्ता आणला, कुणी चिंचेचा पाला. मग ती मुलगी आली. एका हातात वाळून उकललेलं काटेरी फळ, दुसऱ्या मुठीत चपट्या तपकिरी बिया.

"दीदी, वरून हे तीळ."

धोत्रा. दर शिवरात्रीला आई हे फळ महादेवासाठी आणते आणि वाहून झालं की आमचे हात दोनदा धुऊन घेते. यासाठी वनस्पतिशास्त्र लागत नाही.

"टाकू नको. धतुरा आहे तो. विषारी असतो."

तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तुला कुठे काय माहीत असतं, दीदी?"

"हे माहीत आहे."

"दीदी," कढईपलीकडून एक मुलगा ओरडला, "तुम्हें क्या लगता है?" सगळे खिदळले.

मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी लांबूनच दोन्ही तळवे खाली दाबल्यासारखे केले. होऊ दे, मध्ये पडू नको. आणि मी पडले नाही. किती वेळ, ते नीट सांगता येत नाही. पण तेवढ्या वेळात तिने मूठ कढईवर उघडली.

मी कढई लाथेने उलटवली.

इंदूरमध्ये माणसाला बरंच काही माफ होतं, पोहे मातीत घालणं होत नाही. सगळ्यात लहान मुलगा भोकाड पसरून रडू लागला. मी त्या मुलीला ओढत नळावर नेलं आणि तिच्या नखांतसुद्धा साबण घातला.

शेवटी नेहमीसारखे सगळे गोल बसलो. एक काठी फिरायची; ज्याच्या हातात काठी, त्यानेच बोलायचं. पहिली काठी ताईंची. "आज मला इथे हिंसा दिसली," त्या म्हणाल्या. एक आई मोबाइलवर धोत्र्याबद्दल वाचत होती. वाचता वाचता तिचा चेहरा पांढरा पडला, पण काठी हातात नव्हती, म्हणून चार जणींचं बोलून होईपर्यंत ती गप्प राहिली. तिची पाळी आल्यावर तिने वाचून दाखवलं.

ताईंनी काठी परत घेतली. "ठीक आहे. पण हे हळू आवाजातही सांगता आलं असतं."

मी दोन आठवडे लांब बसून फक्त निरीक्षण करावं, असं ठरलं.

मंगळवारी मी चिंचेखाली बसले होते. ती मुलगी वही घेऊन आली. "त्या दिवशी तुला खरंच माहीत होतं."

"हो."

"आणि हे?" तिने पहिलं पान उघडलं. नाल्याकडचं झाड.

"करंज."

"हे?" दोन टोकांची शेपटी असलेला काळा पक्षी.

"कोतवाल."

तिने पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे तुला सगळं येत होतं?"

"सगळं नाही. बरंचसं."

"मी सगळ्यांना सांगत होते की तुला काही येत नाही. मग तू सांगितलं का नाहीस? मी ते टाकलं ना पोह्यांत!"

सवयीने 'तुला काय वाटतं' अगदी ओठावर आलं होतं. ते मी गिळलं. "मला भीती वाटत होती. काम जाईल म्हणून."

तिने माफ केलं की नाही, कळलं नाही. पान उलटलं. "चल. नंबर तीन."

अकराव्या प्रश्नावर आम्ही होतो, संध्याकाळी चिंचेची पानं का मिटतात, तेव्हा ताई खुर्चीवरून उठून आमच्या दिशेने येऊ लागल्या. माझा आवाज आपोआप बारीक झाला.

"ज़ोर से बोल ना," ती म्हणाली. ताई जवळ पोचल्या तशी तिने वहीतून मान वर न करताच हात आडवा धरला.

"आंटी, दो मिनट. दीदी शिकवतेय."